टाकलेला की पडलेला

हे दुसऱ्यांदा मुंबईच्या कौन्सिलासाठी उभे राहिले त्या वर्षी आमच्या घरात उंदीर पडला.

आजच्या मुलींना हे वाक्य वाचून हसू येईल. पडला तर पडला, शेपटीला धरून टाकून द्यावा. पण आमच्या वेळी हुबळी-धारवाडकडे हे शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. प्लेग आधी उंदरांत शिरायचा, मग माणसांत. घरात मेलेला उंदीर दिसला की त्याच दिवशी घराला कुलूप लावायचं, गावाबाहेर माळावर झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच राहायचं, अशी रीत होती. जे मागे राहत त्यांच्यातल्या कुणाला तरी ताप भरे, काखेत नाहीतर जांघेत गाठ येई, आणि मग पुढचं बोलायला नको.

यांची वकिली धारवाडात. मी सांगलीकडून लग्न होऊन आले तेव्हा मला कानडी अजिबात येत नव्हतं. घरात बोलणं मराठी, ओसरीवर पक्षकारांशी कानडी, आणि कोर्टात इंग्रजी. एका दिवसात हे तीन माणसं होत, असं मला वाटायचं. घरात माझी थोरली मुलगी, रांगणं सोडून नुकता उभा राहू लागलेला मुलगा आणि अक्का. अक्का म्हणजे यांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. आई गेल्यावर यांना तिनंच वाढवलं होतं. स्वयंपाकघर तिचं, चूल तिची, आणि खरं सांगायचं तर हेही तिचेच. ती यांना ‘तू’ म्हणे, आणि यांच्या भरदार आवाजाची जिला पर्वा नव्हती अशी ती एकटीच.

पहिल्या वेळी निवडून आल्यावर यांनी प्लेगचाच विषय हाती घेतला होता. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात धान्याची मोठमोठी गोदामं. पोत्यांच्या थप्प्या भिंतीला टेकून आढ्यापर्यंत गेलेल्या, आणि त्यांच्या मागं उंदरांचं राज्य. यांनी कौन्सिलात भाषणं केली, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी हुकूम काढवला. ज्या गोदामात उंदीर मेलेला सापडेल ते तिथल्या तिथं रिकामं करायचं, धान्य उन्हात पसरायचं, आणि वरून परवानगी येईपर्यंत कुलूप उघडायचं नाही. व्यापाऱ्यांचा ऐन हंगाम बुडाला. हे टांग्यातून दुर्गदबैलात गेले की मागून शिव्या येत. एकदा दगड आला, टांग्याच्या दांडीला लागून खाली पडला. यांनी तो उचलून घरी आणला आणि जेवताना हसत हसत आम्हाला दाखवला. अक्काही हसली. मी त्या दगडाकडंच बघत राहिले.

माझी भीती तेव्हापासूनची. दिवेलागणीनंतर टांगा आला नाही की मी मुलांना पुढ्यात घेऊन बसे आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घोड्याच्या टापा ऐके. हे मात्र निर्धास्त. भीती कशाशी खातात हे वकीलसाहेबांना माहीतच नाही, असं लोक म्हणत. मीही तसंच समजत होते.

मतदान जवळ आलं होतं. ओसरीवर सकाळपासून माणसांची ये-जा, चहाची भांडी चुलीवरून उतरत नव्हती. अक्का आंघोळीला गेली होती. भाकरीसाठी ज्वारी काढायला मी कोठीच्या खोलीत गेले, आणि कणगीमागून उंदीर बाहेर आला.

माणूस दिसला की उंदीर पळतो. हा पळाला नाही. उजेडात, माझ्या पायांसमोर, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात तो खोलीच्या मधोमध आला, स्वतःभोवती फिरला आणि कुशीवर पडला. पाय थोडे हलले, मग थांबले. माझ्या हातात सूप तसंच होतं. मला ओरडायचं होतं, पण ओसरीवर परकी माणसं होती म्हणून मी तोंडात पदर धरला.

यांना निरोप पाठवून आत बोलावलं. हे आले, दारात थांबले, उंदराकडं पाहिलं. यांच्या ओठांवरचा रंग उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग भिंतीतल्या लहानशा खिडकीकडं पाहून म्हणाले, “इथून टाकला कुणीतरी.”

“टाकला नाही,” मी म्हटलं. “मी त्याला चालताना पाहिलं. माझ्यासमोर पडला.”

यांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. कोर्टात साक्षीदाराला समजवावं तसं सावकाश म्हणाले, “तू काही पाहिलं नाहीस. मतदान होऊन जाऊ दे, मग बघू.”

आणि बाहेर गेले. मी तिथंच उभी राहिले. उंदराची भीती होतीच, पण त्या घटकेला मला दुसरीच भीती वाटली, आणि तिला काय नाव द्यावं ते कळेना. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एका वाक्यात नाहीशी झाली होती.

यांचा हिशेब मला नंतर उमगला. प्लेगवर भाषणं करणाऱ्याच्याच घरात उंदीर पडला हे कळलं असतं तर ओसरी ओस पडली असती. जाणूनबुजून कुणी प्लेगच्या घरात येऊन बसत नाही. घर बंद करून माळावर जायचं म्हणजे शेवटच्या दिवसांत प्रचारच संपला. शिवाय ज्यांची गोदामं यांनी बंद पाडली होती ते टाळ्या पिटणार. तेव्हा उंदीर टाकलेला असणंच सोयीचं होतं.

यांच्या कारकुनानं चिमट्यानं उंदीर उचलून परसात रॉकेल ओतून जाळला. दुपारपर्यंत ओसरीवर गोष्ट तयार झाली होती. विरोधकांनी वकीलसाहेबांच्या घरात मेलेला उंदीर टाकला! मी माजघराच्या दाराआडून ऐकत होते. पहिल्यांदा सांगताना हे एवढंच म्हणाले, की खिडकी उघडी होती. पुढच्या माणसाला सांगताना खिडकीखाली पावलं उमटलेली होती. तिसऱ्याला सांगताना खिडकीतून मागं सरलेला हातही आला. यांचा आवाज इतका सरळ, इतका खरा होता की मी उंदीर पाहिला नसता तर मीही विश्वास ठेवला असता.

मला आता मुलांखेरीज काही सुचेना. मी यांना म्हटलं, मुलाला खोकला झालाय, दोघांना मोकळ्या हवेत घेऊन जाते. खोकला कुणालाच नव्हता. हे तेही जाणून होते. यांनी एकही प्रश्न विचारला नाही. रायापूरला यांच्या एका पक्षकाराचं शेत होतं, तिथं लगेच माणूस धाडला आणि गाडी सांगितली. यांची ती घाई पाहिली आणि यांना खरं ठाऊक आहे की नाही, ही जी थोडीशी शंका माझ्या मनात होती तीही गेली.

निघण्याआधी मी अक्काला चुलीपाशी गाठलं. म्हटलं, “अक्का, तुम्हीही चला. तो उंदीर टाकलेला नव्हता. मी पाहिलाय.”

अक्का भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, की तो सांगतोय टाकला म्हणून, आणि त्याच्या तोंडून आजवर खोटं निघालेलं तिनं ऐकलं नाही. मी हात जोडले. प्लेगची सुई गावात सगळ्यांनी टोचून घेतली होती, यांनी तर चारचौघांसमोर शर्ट काढून टोचून घेतली होती. अक्कानं घेतली नव्हती. ती सोवळ्यातली. तसली सुई अंगाला लागू द्यायला तयार नव्हती. मी तेही बोलून दाखवलं.

“आणि त्याला जेवायला कोण घालील?” ती म्हणाली. “जा तू. पोरांना सांभाळ.”

रायापूरला शेताच्या कडेला बांबूच्या तट्ट्यांची झोपडी होती. वर गवत, खाली शेणानं सारवलेली जमीन. पलीकडच्या माळावर धारवाडातून आलेल्या आणखीही झोपड्या होत्या, पण मी तिकडं जात नव्हते. कुणी विचारलं की खोकला म्हणायचं ठरलं होतं, आणि विचारणाऱ्याच्या नजरेतच ते खोटं दिसायचं. रोज सकाळी मुलं उठली की मी दोघांच्या काखा आणि जांघा बोटांनी चाचपून बघे. मुलीला गुदगुल्या होत, ती हसे. माझी बोटं मात्र गार पडलेली असत. मग स्वतःला चाचपायचं. एकदा मुलाच्या काखेत काहीतरी लागलं, तेव्हा त्याला उचलून उजेडात नेलं. ते घामोळं होतं.

शेतकऱ्याची बायको मोठी प्रेमळ होती. तिला मराठी येत नव्हतं, माझं कानडी मोडकंतोडकं. ती ताक घेऊन येई, माझ्या तोंडाकडं बघे आणि “हेदरब्याड, तंगी” म्हणे. भिऊ नको गं बहिणी. मी मान हलवायची आणि ती वळली की पुन्हा मुलांच्या कपाळाला हात लावायची.

एके दिवशी दुपारी बांधावर टांगा थांबला. उतरलेला माणूस दुर्गदबैलातला धान्याचा व्यापारी होता. माझ्या माहेरच्याच गावचा. लग्न होऊन इकडं आले तेव्हा त्याच्या बायकोनं माझी ओटी भरली होती. पण यांच्या हुकुमानं ज्यांची गोदामं बंद झाली त्यांतलं पहिलं याचं, आणि भर बाजारात यांना सगळ्यात मोठ्यानं शिव्या देणाराही हाच. त्याला पाहून मी मुलांना आत ओढलं.

तो आत आला नाही. झोपडीबाहेर उन्हात उभा राहिला. टांगेवाल्याला कानडीत लांब जायला सांगितलं, आणि मग मराठीत माझ्याशी बोलला. त्याच्या बोलण्यावरून कळलं ते असं. उंदीर टाकण्याचं नाव शेवटी त्याच्यावर आलं होतं. आमच्या बाजूची पोरं त्याच्या दुकानात शिरली. पोती फाडली, ज्वारी रस्त्यावर सांडली, शेजारच्या हमालांनीही हात धुऊन घेतले. म्हातारा दिवाणजी आडवा गेला, त्याला ढकललं, त्याचा हात मोडला. पोरं जाताना सांगून गेली होती, की साहेब निवडून आले की परत येऊ. दुकानाच्या वरच त्याची बायको आणि मुली राहत होत्या. हे सगळं त्यानं न रागावता सांगितलं. बोलताना तो सारखा रस्त्याकडं बघत होता. बाजारात गरजणारा माणूस, आणि त्याच्या कपाळावर उन्हाचा नव्हे असा घाम.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, “मी टाकला नाही. मुलींची शपथ घेतो. तुम्ही घरात होता. तो टाकलेला होता की पडलेला, एवढं मला सांगा.”

मी तट्ट्याला धरून उभी होते. काय सांगितलं तर काय होईल हे मला स्वच्छ दिसत होतं. यांची निवडणूक, यांचं नाव, सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. आणि मी काही पाहिलंच नाही असं मला बजावून ठेवलेलं होतं.

“पडलेला,” मी म्हटलं. “माझ्यासमोर पडला.”

त्यानं पुन्हा एकदा रस्त्याकडं पाहिलं. प्यायला पाणी मागितलं. तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायला, तोंड पुसलं.

“हे मी हुबळीत बोललो तर साहेब पडतील,” तो म्हणाला.

“हो.”

“मग सांगितलंत कशाला?”

“तुम्ही विचारलंत म्हणून,” मी म्हटलं.

तो गेला. त्यानंतर रस्त्यावर चाक वाजलं की मला वाटे, हे आले. मी बोलल्याचं यांना कळलं. यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं, पण मी मनात त्या आवाजाची वाट बघत होते. हळू, समजावणीचा, सरळ. तोच आवाज आता मला सांगेल, की तू काही बोलली नाहीस. आणि मी मान्य करीन, याचीच मला धास्ती होती.

आला तो कारकून. सकाळच्या उन्हात घामानं भिजलेला. अक्काला ताप भरलाय म्हणाला. किती दिवसांपासून, ते सांगताना चाचरला.

मुलांना शेतकऱ्याच्या बायकोकडं सोडलं. मुलगा माझा पदर सोडेना, तो बोटं एकेक करून सोडवावा लागला. गाडीत बसल्यावर मला समजलं, की जिथून मुलांना पळवून आणलं तिथंच मी स्वतःच्या पायानं चाललेय. त्या वाटेवर मी रामरक्षा म्हणायला घेतली आणि अर्ध्यात विसरले. लहानपणापासून पाठ असलेली!

ओसरी रिकामी होती. इतकी माणसं असायची, एक चप्पलसुद्धा नव्हती. हे अंगणात तुळशीपाशी उभे होते. दाढी वाढलेली. मी विचारलं, अक्का कुठं आहे. यांनी माजघराकडं बोट केलं, पण स्वतः हलले नाहीत. म्हणाले, पाणी दाराशी ठेवतोय. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हे आत गेलेलेच नाहीत.

अक्का घोंगडीवर पडली होती. अंग भट्टीसारखं. डोळे लाल. तिनं मला ओळखलं आणि लुगडं नीट करायला लागली, तेव्हा मला जांघेतली गाठ दिसली. लिंबाएवढी. मी तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. बाहेर येऊन यांना विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

यांनी तोंड तुळशीकडं वळवलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, डॉक्टर आला की त्याला वर कळवावं लागतं. मतदान परवावर आलंय. काढा दिलाय, कदाचित साधा तापच असेल.

मी यांच्याकडं बघत राहिले. हा माणूस दुष्ट नव्हता. हे मी आजही सांगते. अक्कासाठी यांचा जीव तुटत होता, डोळे रडून सुजले होते. पण यांच्या अंगात भीती अशी शिरली होती की हात-पाय, जीभ, बुद्धी, सगळं तिच्या ताब्यात गेलं होतं. दगड उचलून हसत घरी आणणारा माणूस स्वतःच्या बहिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडू शकत नव्हता. त्या क्षणी माझी भीती कुठंशी गेली. धीर आला म्हणून नव्हे. एका घरात दोघांनी भिऊन चालणार नव्हतं, एवढंच.

“तुम्ही डॉक्टरांना आणा,” मी म्हटलं. “नाहीतर मी रस्त्यात उभी राहून शेजारच्यांना सांगते.”

हे टोपीसुद्धा न घालता गेले.

डॉक्टर आले, पाहिलं आणि गावाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी घातलेल्या छपरात हलवायचं म्हणाले. कारकून आणि आणखी एक माणूस अक्काला बाजेवर घालून बाहेर घेऊन आले. अंगणात ऊन होतं. तिनं डोळ्यांवर हात घेतला आणि मग तो काढून यांना जवळ बोलावलं. हे दोन पावलं पुढं आले.

“तुला ठाऊक होतं का रे?” अक्कानं विचारलं. “तो पडलेला होता ते?”

डॉक्टर होते, कारकून होता, मी होते. यांना काहीही सांगता आलं असतं.

“होतं,” हे म्हणाले.

अक्कानं डोळे मिटले. “मग पोरांना बाहेर काढलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर यांना सोपं गेलं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. बाज फाटकातून बाहेर गेली आणि हे अंगणात मटकन खाली बसले.

मी अक्काबरोबर छपरात गेले. त्यामुळं पुढचं मी पाहिलेलं नाही, कारकुनानं सांगितलेलं आहे. हे तसेच उठले, स्वतः जाऊन घरावर प्लेगची खूण करवली, कुलूप लावलं, आणि टांगा करून हुबळीला गेले. दुर्गदबैलात त्या व्यापाऱ्याच्या दुकानासमोर उतरले. रस्त्यावर अजून ज्वारीचे दाणे होते. माणसं जमली. हे मोठ्यानं म्हणाले, की माझ्या घरात कुणी उंदीर टाकला नाही. उंदीर पडला, आणि मी खोटं बोललो. व्यापारी दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, की हे कानडीतूनही सांगा, माझी पोती लुटणाऱ्या हमालांना मराठी समजत नाही. यांनी पुन्हा सगळं कानडीतून सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. गर्दीतून कुणीतरी थुंकलं. हे टांग्यात बसले आणि परत आले.

व्यापाऱ्यानं मी सांगितलेलं कुणालाच सांगितलं नव्हतं. का, ते त्याचं त्याला ठाऊक. आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

हे निवडून आले. काठावर. पुढं लोक म्हणत, खरं बोलले म्हणून निवडून आले. तसं काही नव्हतं. त्या आठवड्यात हुबळीत उंदीर इतके पडले की दुर्गदबैलातली निम्मी मंडळी घरं सोडून उणकलच्या तळ्याकडं झोपड्यांत जाऊन राहिली, आणि ती मतं द्यायला आलीच नाहीत. जी मतं यांच्याविरुद्ध जायची होती ती माळावर बसून राहिली. प्लेगानंच यांना निवडून दिलं. हे यांनाही माहीत होतं. अभिनंदनाला आलेल्यांपुढं हे मान खाली घालून बसले, आणि लोकांना तो विनय वाटला.

अक्का वाचली. छपरात माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी माणसं पांढऱ्या चादरीखाली गेली, आणि टोचून न घेतलेली ती म्हातारी वाचली. गाठ फुटली, जखम भरायला फार दिवस लागले, आणि एक पाय कायमचा ओढत राहिला. घरी आल्यावर तिनं पुन्हा चूल हातात घेतली. त्या गोष्टीबद्दल ती मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. फक्त हे जेवायला बसले की पूर्वी ती समोर बसून वाढायची, ते बंद झालं. वाढून ती आत जायची.

त्यानंतर हे किती वेळा निवडून आले! कौन्सिलाची असेंब्ली झाली, खादीच्या टोप्या आल्या, लढाई आली, रेशन आलं. हे तिथंच. गटारं, पाण्याचे नळ, लसीकरण, गोदामांच्या भिंती, उंदीर. मुंबईच्या सभासदांनी यांचं नाव ‘उंदरांचे मेंबर’ ठेवलं होतं. हे त्यावर चिडत नसत. हुबळीला पक्की गोदामं झाली त्यात यांचा मोठा हात होता, आणि ज्यांनी दगड मारले होते त्यांच्याच मुलांनी पुढं हार घातले.

आणि मी भीतच राहिले. पण आता दगडांना नव्हे. वर्तमानपत्रात यांचं भाषण यायचं, लोक वाचून वाहवा करायचे, आणि मी प्रत्येक ओळ वाचताना मनात म्हणे, यातलं किती टाकलेलं आणि किती पडलेलं? यांनी पुन्हा कधी खोटं सांगितल्याचं मला सापडलं नाही. मी शोधत मात्र राहिले. इतका सरळ आवाज ज्याच्यापाशी आहे त्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय असतं ते कुणाला सांगून कळायचं नाही. मुलीच्या तापाचं, मुलाच्या परीक्षेचं, घरच्या कसल्याही साध्या गोष्टीचं हे काही बोलले, की मी आधी यांच्या ओठांच्या रंगाकडं बघे.

इतर मेंबरांच्या बायका अधिवेशनाला पुण्या-मुंबईला जात, वरच्या सज्जात बसून नवऱ्यांची भाषणं ऐकत. आल्यावर नव्या लुगड्यांच्या आणि समुद्राच्या गोष्टी सांगत. यांनी मला एकदाही नेलं नाही. मुलं लहान आहेत, मग अक्काचा पाय, मग लढाईत गाड्यांना गर्दी. मीही हट्ट केला नाही.

लढाई संपली त्या सुमाराला पुन्हा निवडणूक आली. पक्षाची माणसं ओसरीवर येऊन बसली. साहेबांनी नुसतं हो म्हणायचं, बाकी सगळं आम्ही बघतो, म्हणाली. अक्का तेव्हा नव्हती. आदल्या वर्षी गेली होती. हे आत आले. मी तांदूळ निवडत होते. बाजूला पाट ओढून बसले आणि म्हणाले, “उभा राहू का?”

इतक्या वर्षांत यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “नको.”

“का?”

सांगावं की नाही, मला कळेना. मग सांगून टाकलं. म्हटलं, “मला तुमची भीती वाटते. त्या दिवसापासून.”

हे रागावले नाहीत. तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, “मला माहीत आहे. म्हणून तर तुला तिकडं कधी नेलं नाही. तू वर बसली असतीस तर मला बोलताच आलं नसतं.”

बाहेरची माणसं खाकरत होती. हे उठले, ओसरीवर गेले आणि तब्येतीचं कारण सांगून नाही म्हणाले. तब्येत अगदी ठणठणीत होती. मी आतून ऐकत होते. आवाज तोच, भरदार, सरळ. माणसांनी विश्वास ठेवला, हळहळली, आणि चहा घेऊन गेली.

यांच्या जागी एक तरुण वकील उभा राहिला आणि निवडून आला. मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं चालत जाऊन मत देऊन आलो. परतताना हे रस्त्याच्या कडेच्या उघड्या गटारापाशी थांबले, काठीनं आतला पाला बाजूला सारून बराच वेळ खाली बघत राहिले. मी थोड्या अंतरावर उभी होते. मग आम्ही घरी आलो.